बाई, तुमच्याकडं शेळी नव्हतीच

आदरणीय बाई,
सलाम.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता.

2018च्या ऑक्टोबरात सरकारनं 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचं पाथर्डीही होतं. आमच्या विहिरीनं तो कधीच जाहीर करून टाकला होता. बैलजोडी घोडेगावच्या बाजारात गेली. कितीला, ते आण्णांनी आजवर सांगितलेलं नाही. उन्हाळ्यात उरलेल्या दोन गाई घेऊन आईनं चारा छावणीत मुक्काम ठोकला. गाईंच्या कानात बिल्ले, आणि चारा म्हणजे बहुतेक ऊसच, तोही मोजून. चघळून चघळून गाईंची तोंडं सोलवटली होती.

आण्णांनी रविवारी उपासनेला यायचं सोडलं. एका पाहुण्या उपदेशकानं पुलपिटावरून सांगितलं होतं की विश्वास कमी पडला म्हणून पाऊस अडलाय. आण्णा शेवटच्या गीताआधीच उठून आले. (151 तालुक्यांचा विश्वास एकाच वर्षी कमी पडला म्हणायचा!) त्यानंतर ते दिवसभर रिकाम्या गोठ्यात पडून राहायचे. जेवायला हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत.

मेमधल्या एका दुपारी तुम्ही आलात. आण्णा तुमचे चौथीतले विद्यार्थी, पण "काय रे, मंडळीत दिसत नाहीस?" असं तुम्ही विचारलं नाही. गव्हाणीच्या कडेला टेकलात, पिशवीतून पवित्र शास्त्र काढलंत आणि हबक्कूक उघडलात. मला तोवर त्या संदेष्ट्याचं नाव धड उच्चारताही येत नव्हतं. तीन अध्यायांचं एवढंसं पुस्तक, आणि सुरुवातच भांडणानं: देवा, मी किती ओरडू, तू ऐकत का नाहीस?

"हे असं शास्त्रात आहे?" आण्णांनी पडल्या पडल्या विचारलं. कितीतरी दिवसांनी ते आपणहून बोलले होते.

"आहे. आणि देव त्याच्यावर रागावलेला नाही. तो बुरुजावर जाऊन उत्तराची वाट बघत बसला, तरी रागावलेला नाही."

मग तुम्ही शेवटाकडं आलात. अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, शेतात दाणा नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. गोठ्याचं नाव आल्यावर आण्णा उठून बसले. "ह्यो आपल्या शिवारातलाच दिसतोय," ते म्हणाले. आणि हसले. चांगलं हसू नव्हतं ते, पण हसू होतं.

"पुढं काय म्हणतो?"

"तरी," तुम्ही म्हणालात. "तरी मी आनंद करीन म्हणतो. पाऊस आला म्हणून नाही. पाऊस अजून आलेलाच नाही त्याच्या पुस्तकात."

अगदी तळाची ओळ दाखवलीत. ती गवयासाठी आहे, हे तंतुवाद्यांवर म्हणावं म्हणून. एवढं सगळं बुडालेला माणूस ते गाणाऱ्याच्या हाती देतो, याचं तुम्हालाच केवढं कौतुक वाटत होतं! आण्णा काही बोलले नाहीत. त्या दिवशी ते भाकरीही अर्धीच जेवले, हे खरं सांगायला हवं.

निघताना तुमची नजर खुंटीकडं गेली. बैलांचे दोन्ही कासरे तिथं टांगलेले होते. "हे मला दे रे," म्हणालात, "माझ्या शेळीला दावं हवंय." दोन्ही गुंडाळून पिशवीत घातलेत आणि गेलात. शेळीला एवढे लांब दोन कासरे कशाला, असं मला वाटलं होतं. तुमच्याकडं शेळी नव्हतीच, हे मला पुढच्या नाताळात तुमच्या घरी आल्यावर कळलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि त्या खुंटीकडं रोज बघत होते. मला दिसलं नाही ते तुम्हाला एका नजरेत दिसलं.

त्यानंतर तुम्ही रोज संध्याकाळी छावणीत यायला लागलात. प्रार्थना दोन मिनिटांची, गाणी तासभर. पेटी नव्हती, मग पत्र्याचा डबा. शेजारच्या दावणीचे माळकरी बाबा तिसऱ्या दिवशी टाळ घेऊन आले. नारायण वामन टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी ख्रिस्ती भजनं अभंगाच्या चालीत बांधली, त्याचा फायदा असा आमच्या छावणीत झाला. बाबांना ठेका शिकवावा लागला नाही. आईला दुष्काळाचं विचारलं, तर ती आधी त्या संध्याकाळींचंच सांगते, मग उसाचं. चौथ्या की पाचव्या दिवशी आण्णा डबा वाजवायला बसले. वाईट वाजवायचे.

पाऊस आला तो परतीचा, ऑक्टोबरात, आणि नको तेवढा. बाजरीची कणसं काळी पडली. त्या रविवारी आण्णा उपासनेला आले आणि मागच्या बाकावर बसले. साक्ष द्यायला उठले नाहीत, अजूनही उठत नाहीत. पण आमच्या घरात 'तरी' हा शब्द आला की ते माझ्याकडं बघतात.

पुढं आण्णांनी कालवड आणली, तेव्हा तुम्ही एक कासरा परत आणून दिलात, स्वच्छ धुतलेला. दुसरा तुमच्याकडंच आहे. तो राहू द्या.

ती कालवड आता तिसऱ्यांदा व्यालीय. मी शनिवारी पुण्याहून गावी जातेय, येताना खरवस घेऊन येईन. आण्णांचा निरोप आहे की मागचा डबा अजून परत आलेला नाही.

तुमच्या चौथीतल्या विद्यार्थ्याची मुलगी