हुकूमनामा माझ्या हातात, सही त्याच्या मर्जीवर : विधि व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

माननीय विधि व न्याय मंत्री, महाराष्ट्र शासन यांस,

स. न. वि. वि.

गेल्या सोमवारी माझ्या दरखास्तीला, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा अमलात आणा या माझ्या अर्जाला, पुन्हा पुढची तारीख पडली. समोरच्याला, म्हणजे माझ्या घटस्फोटित नवऱ्याला, पाठवलेली नोटीस ‘घर बंद’ असा शेरा घेऊन परत आली म्हणे. साहेब, ते घर बंद नाही. तो तिथेच राहतो, तिथूनच रोज कामावर जातो.

आमचा घटस्फोट परस्पर संमतीने झाला. फ्लॅटमधला आपला निम्मा हिस्सा तो हक्कसोडपत्राने मला देईल, असं कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी कबूल केलेल्या लेखी अटींत, लिहिलंय. त्याच्या बदल्यात मी एकरकमी पोटगीवर पाणी सोडलं. न्यायाधीशांसमोर दोघांनी सह्या केल्या, हुकूमनामा झाला. हक्कसोडपत्रावर सही करून ते नोंदवायला दुय्यम निबंधक कार्यालयात मात्र तो आलाच नाही. आता निरोप येतात. दागिन्यांचं नाव काढू नकोस, मग बघू. मुलीला सुट्टीभर पाठव, मग बघू. ज्या माणसापासून कायद्याने सुटले, त्याच्याच दारात एका सहीसाठी उभं राहायचं? फ्लॅटचा हप्ता मी भरते, मेंटेनन्स मी भरते, घरपट्टी मी भरते. पण मुलीच्या शिक्षणासाठी त्याच फ्लॅटवर कर्ज मागितलं, तर बँक विचारते, दुसऱ्या मालकाची सही कुठे आहे? मुलगी काही बोलत नाही. तिने प्रवेशाचा फॉर्म गुपचूप कपाटात ठेवून दिला, ते मला नंतर कळलं.

कायदा नाही, असं मला कुणी सांगू नये. दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 सालची आहे. तिच्या आदेश 21, नियम 34 मध्ये सगळं आहे. दस्ताचा मसुदा कोर्टात द्यायचा, कोर्टाने तो नोटिशीसह समोरच्याला बजावायचा, हरकती ऐकायच्या. तरीही तो सही करत नसेल, तर न्यायाधीशांनी किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याने सही करायची, आणि ती त्याचीच सही धरली जाते. कुटुंब न्यायालयाचा हुकूमही दिवाणी हुकूमनाम्यासारखाच अमलात आणायचा, असं 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम 18 सांगतं. मग अडलंय कुठे? नोटीस पोचवणाऱ्या कोर्टाच्या बेलिफाच्या एका शेऱ्यावर! ‘घर बंद’ लिहिलं की त्या दिवसाचं काम संपलं.

सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं की दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा. 2025 मध्ये त्याच न्यायालयाने हिशेब मागवला, तेव्हा देशात 8 लाख 82 हजारांवर दरखास्ती पडून होत्या. त्यातल्या 3 लाख 41 हजार एकट्या महाराष्ट्रातल्या! हुकूमनामा मिळाला की इथल्या पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वात वरच्या अपील न्यायालयाने, 1872 साली लिहून ठेवलंय. इंग्रज गेले, सरकारं आली नि गेली. आम्ही त्याच बाकावर बसलोय.

न्यायालयं स्वतंत्र आहेत, असं उत्तर मला नको. बेलिफांची पदं कोण मंजूर करतं? कुटुंब न्यायालयांना पैसा कोण देतं? उद्घाटनाची फीत कापायला सरकार येतं, मग दरखास्ती तुंबल्या की अंग का काढून घेतं?

मला एवढंच हवंय. ‘ठरल्या मुदतीत सही न केल्यास न्यायालयाचा अधिकारी सही करेल’ हे वाक्य घटस्फोटाच्या हुकुमातच घाला, त्यासाठी उच्च न्यायालयाशी बोला. प्रत्येक कुटुंब न्यायालयात या कामाला एक अधिकारी नावानिशी नेमा. नोटीस टाळणाऱ्याच्या दारावर ती डकवा आणि तारीख पुढे ढकलू नका.

माझी पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. मुलीच्या प्रवेशाची मुदत त्याआधीच संपते.

आपली,
एक दरखास्तदार