घरखर्च देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव छापलेलं तुम्हाला चालायचं नाही, म्हणून नुसतं काका.

वस्तीतल्या बायकांना शेळ्यांची निगा आणि लस टोचणं शिकवायचं, या आमच्या कामाला देणगीदार मिळत होते. लसीला पैसे, प्रशिक्षणाला पैसे, बॅनरला तर हटकून. पण माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्या जी दिवसभर फिरणार, तिच्या घरचा किराणा कुठल्या रकान्यात बसवायचा? प्रस्तावातलं 'मानधन' दिसलं की पहिली काट तिथेच. तुम्ही मात्र आधी विचारलंत, "तुझं घर कसं चालतं?" आणि तीन वर्षं ते चालवलंत.

डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या कलावंतांनी नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीला पैसे उभे केले, पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून, हे मला तुमच्याकडूनच कळलं. समाजासाठी नवं काही उभं करणाऱ्यांना 'फेलो' म्हणून निवडणारी 'अशोका' संस्थाही त्यांना निर्वाहखर्च देते. तिच्या पहिल्या फेलो मुंबईच्या शिक्षिका ग्लोरिया डिसूझा. म्हणजे आपण काही वेगळं केलं नाही, असं तुमचं म्हणणं. असू दे.

हिशेब विचारायचात तोही निराळाच. किती बायका शिकल्या, हे नाही. शेळीवाली पैसे मोजून लस टोचून घेते का, हे. फुकटची लस अनुदानाबरोबर बंद पडते, हा तुमचा हेका. पीपीआर या शेळ्यांच्या साथरोगाची लस एकदा पातळ केली की काही तासांत संपवावी लागते, तीही बर्फात ठेवून. तालुक्याहून कुणी येईपर्यंत थांबून चालत नाही, वस्तीतलीच पशुसखी, म्हणजे हे काम शिकलेली बाई हवी. आणि ती टिकायची तर तिला दर शेळीमागे चार पैसे सुटायला हवेत. पावसाळ्याआधी आंत्रविषार या शेळ्यांच्या आतड्याच्या रोगाच्या लशीसाठी बायका आता स्वतःहून निरोप धाडतात.

काट्याचं तर सांगायलाच हवं. पूर्वी व्यापारी बोकडाच्या पाठीवर हात फिरवून भाव सांगायचा आणि तोच भाव व्हायचा. आता सखीकडे टांगायचा काटा असतो, बोकड आधी वजनाला चढतं. "काटा कशाला गं, आमच्यावर इस्वास न्हाई व्हय?" असं एकानं विचारलं, तर आमची सखी म्हणाली, "हाय की. काट्यावर जरा जास्त हाय."

दुसऱ्या संस्था आता प्रशिक्षणाला बोलावतात, फी देतात. त्यात माझं भागतं. तेव्हा पुढच्या महिन्यापासून मला पैसे पाठवू नका. आटपाडीकडे एक मुलगी याच कामाला लागली आहे, नवऱ्याची नोकरी सुटली आहे. तिला तुमचा नंबर दिला आहे, फोन उचला.

तुमची,
माणदेशातली शेळीवाली