रविवारचा सराव: हँडलला हात लावण्याआधी

सर्व सभासदांना सूचना,

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता हाताने फिरवायच्या ३५ मिमी कॅमेऱ्याचा सराव आहे. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चे छायालेखक त्र्यंबक तेलंग यांच्या पिढीचं निम्मं कसब मनगटात होतं. मोटरच्या कॅमेऱ्यावर ते उमगत नाही.

हँडलच्या एका फेऱ्यात ८ चौकटी (फ्रेम), सेकंदाला २ फेरे. म्हणजे १६ चौकटी, बरोबर एक फूट फिल्म. हात मंदावला की प्रत्येक चौकटीवर प्रकाश जास्त पडतो, चित्र भगभगीत होतं आणि पडद्यावर माणसं धावू लागतात. त्यामुळे आधी रिकाम्या कॅमेऱ्यावर घड्याळ लावून ६० सेकंदांत १२० फेरे जमवा. ट्रायपॉडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या हव्यातच, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला चौकट डुलते.

फिल्म भरताना गेटच्या (लेन्समागची खिडकी, जिथे चौकटीवर प्रकाश पडतो) वर आणि खाली फिल्मचा सैल लूप (वळसा) सोडा. लूप लहान पडला तर फिल्मच्या कडेची छिद्रं फाटतात, मोठा झाला तर फिल्म आत घासून ओरखडे उठतात. झाकण उघडं ठेवून दोन फेरे मारा, मगच बंद करा. गेट मऊ कापडाने पुसा, धातूची वस्तू लावू नका.

फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक आहे. तिला लाल रंग दिसत नाही: कुंकू आणि लाल काठ काळे येतील, निळं आकाश पांढरंफटक.

घरातली जुनी नायट्रेट रिळं (सेल्युलोज नायट्रेट या ज्वालाग्राही पदार्थाची फिल्म) कृपया आणू नका. ती पेटली तर पाण्यातही जळत राहतात.