मागच्या खुर्चीवरून आईबाबांना पत्र

प्रिय आई, बाबा,
साष्टांग नमस्कार.

आधी हे सांगते की मी एकदम मजेत आहे, जेवण वेळेवर होतंय, स्वेटर पुरेसे आहेत, त्यामुळे आई तू रात्री जागून मोबाईल बघत बसू नकोस. बाकी रोजचं सगळं फोनवर होतंच आपलं. पण बाबा, परवा तुम्ही विचारलंत ना, की एम.ए. इंग्लिश झालेली मुलगी एबीसीडीच्या वर्गात मागे बसून करते तरी काय, ते फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय.

तर हा टाइमपास नाहीये. सेल्टा म्हणजे मोठ्या माणसांना इंग्रजी कसं शिकवायचं ते शिकवणारा केंब्रिजचा कोर्स, 120 तासांचा, त्यात 6 तास आपण खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं आणि 6 तास अनुभवी शिक्षकांना शिकवताना बघायचं. बघायचं म्हणजे कोण किती बोललं, बाईंनी सूचना कशी दिली, कोण कुठे अडकलं, सगळं कागदावर टिपायचं, आणि स्वतः अवाक्षर काढायचं नाही. माझ्यासारखीला ते किती जड जातं तुम्हाला माहितीये.

वर्ग एसॉलचा, एन्ट्री वन, म्हणजे इंग्लंडमध्ये बाहेरून आलेल्या मोठ्या माणसांसाठी जे इंग्रजीचे वर्ग असतात ना, त्यातली सुरुवातीची पायरी. अफगाणिस्तानचे लोक आहेत, एरिट्रियाची तरुण पोरं आहेत, 2022 मध्ये युद्ध भडकल्यावर आलेल्या युक्रेनच्या बायका आहेत. एक अफगाण काका, बाबांच्याच वयाचे, वही उलट्या बाजूने उघडतात कारण त्यांची दरी भाषा उजवीकडून डावीकडे लिहितात, आणि त्यांना कॅपिटल अक्षरांची भानगड पटतच नाही, तेच अक्षर दोनदा का शिकायचं? आपल्याही लिपीत कॅपिटल नाहीत, त्यामुळे मला त्यांचं म्हणणं लगेच कळलं. युक्रेनच्या एक आजी घाईत वाचताना पी ला र म्हणतात, कारण त्यांच्या लिपीत तो आकार र चा. कुणी हसत नाही हं त्यांना.

आता इथली एक गोष्ट सांगते, सुरुवातीला मला ती काही केल्या उमगेना. बाई कधीही, म्हणजे कधीच, "समजलं का?" असं विचारत नाहीत. आपल्याकडे साठ पोरांच्या वर्गात समजलं का म्हटलं की एका सुरात होऽऽ येतं आणि धडा पुढे सरकतो. इथे बाईंनी बोर्डावर इंग्रजी वाक्य लिहिलं, 'ही वर्क्स इन अ हॉस्पिटल'. मग विचारलं, तो आत्ता या क्षणी हॉस्पिटलमध्ये आहे का? कुणी म्हणालं हो, कुणी म्हणालं नाही. मग विचारलं, हे त्याचं नेहमीचं काम आहे का? हो. मग आत्ता तो घरी झोपलेला असू शकतो का? तेव्हा सगळे थोडं थांबून म्हणाले, हो, असू शकतो! म्हणजे अर्थ पोचलाय की नाही ते असल्या छोट्या छोट्या प्रश्नांतून बघायचं, हो म्हणण्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण माणूस लाजेने पण हो म्हणतो. आणि प्रश्न विचारला की बाई गप्प. नुसत्या उभ्या. आई तुला वाटेल रागावल्यात, पण तसं नसतं, ज्याला दुसऱ्या भाषेत विचार जुळवायचाय त्याला तेवढा वेळ द्यायचा असतो. वाक्यात चूक झाली तरी बरोबर उत्तर सांगत नाहीत, एक बोट म्हणजे एक शब्द असं हातावर वाक्य मांडतात आणि चुकलेल्या शब्दाचं बोट नुसतं हलवतात. काकांनी त्या बोटाकडे बघत बघत वाक्य पूर्ण केलं, माय डॉटर वर्क्स इन अ स्कूल, वर्क्सच्या शेवटच्या स सकट, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या पण बघणाऱ्याला परवानगी नाही. हे सगळे बाईंना नावाने हाक मारतात, बाई वगैरे नाही, त्याची मला अजून सवय होत नाहीये.

म्हणून बाबा, तुम्ही म्हणता तसं मी खाली आलेली नाही. एम.ए.ला मी साहित्य शिकले, शिकवायचं कसं ते आत्ता शिकतेय.

फीचं टेन्शन घेऊ नका, साठवलेल्यातून भरलीये, कर्ज नाही काढलं. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे खात्यावर टाकलेत, भारी लेन्स बसवा, कंजुषी नको. मला त्या आठवड्यात येता येणार नाही, कोर्समध्ये हजेरीचं फार कडक आहे. धाकटी मनू आहेच तुमच्याजवळ, ती माझ्यापेक्षा छान करेल. ड्रॉप्स घातले की रोज मला मेसेज करा पण, एवढं तरी.

मनूच्या स्थळाचं: मुलगा इथे कायम झालेला असेल तर स्पाउस व्हिसाला सध्या ए1 लेव्हलचं, म्हणजे अगदी पहिल्या पायरीचं, बोलण्या-ऐकण्याचं इंग्रजी लागतं, अडीच वर्षांनी मुदत वाढवताना त्याच्या वरची ए2, आणि पुढे कायम व्हायला बी1. डिग्री इंग्रजी माध्यमाची असली की एक्टिसकडून, म्हणजे बाहेरच्या डिग्र्या तपासणाऱ्या इथल्या संस्थेकडून, तसा दाखला घेऊन परीक्षा टळते, तेव्हा तिला कॉलेजकडून माध्यमाचं पत्र आत्ताच काढून ठेवायला सांगा. मुलाची कमाई वर्षाला 29,000 पाउंड आहे का तेही सरळ विचारा, नियमच आहे तो, त्यात लाजायचं काय. आणि मोठीचं आधी व्हायला हवं होतं असं पाहुण्यांसमोर म्हणू नका ना आई, तिचं खुशाल होऊ दे, माझ्यासाठी थांबवू नका. तारीख तेवढी कोर्स संपल्यानंतरची धरा, साखरपुड्याला मी नक्की येतेय, रजेचं आत्ताच बोलून ठेवलंय.

तुमची,
सुमी