कोप्यांवरच्या लेकरांना पोलिओचे थेंब : माणसं द्या, गाड्या द्या

समस्त ग्रामस्थ, ऊस उत्पादक शेतकरी आणि तरुण मंडळांच्या कार्यकर्त्यांना ग्राम आरोग्य समितीचा सप्रेम नमस्कार.

येत्या पल्स पोलिओच्या रविवारी गावठाणातल्या पाच वर्षांखालच्या पोरांची आम्हाला फारशी काळजी नाही. अंगणवाडीत बूथ लागतो, आज्या नातवंडांना कडेवर घेऊन येतात, आणि जे येत नाहीत त्यांच्या दारात दुसऱ्या दिवशी आशाताई हजर असतात. काळजी आहे ती ओढ्यापलीकडच्या कोप्यांची, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या झोपड्यांची.

बीड-पाथर्डीकडच्या टोळ्या पहाटे अंधारातच उसाच्या फडावर जातात. पथक सकाळी पोचतं तेव्हा कोप्या ओस पडलेल्या असतात. तान्ही पोरं आईबरोबर फडात, बांधावर झोळीत. एखाद्या कोपीत आठ-नऊ वर्षांची बहीण धाकट्याला घेऊन बसलेली असते. "आईला इचारल्याबिगर न्हाई द्यायचं," म्हणते, आणि तिचं काही चुकत नाही. गावात पथक घर पूर्ण झालं की भिंतीवर खडूनं 'पी' लिहितं, मूल राहिलं असेल तर 'एक्स'. पाचटाच्या कोपीला खडू चालवायला भिंतच नसते. पथक पुन्हा येईपर्यंत फड संपतो आणि टोळी दुसऱ्या शिवारात गेलेली असते.

"पोलिओ तर देशातून गेला, आता कशाला?" असं पारावर कुणी ना कुणी विचारतंच. गेला, हे खरं. 2009 साली देशात 741 रुग्ण होते, 2010 मध्ये 42, आणि 2011 मध्ये एकच. 13 जानेवारीला हावड्यात सापडलेली ती दीड वर्षांची मुलगी. तिला एकही डोस मिळालेला नव्हता. 27 मार्च 2014 ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. उत्तर प्रदेश-बिहारात वीटभट्ट्या, बांधकामं, कोसी नदीच्या पूरपट्ट्यातल्या वस्त्या इथल्या मुलांपर्यंत पथकं मुद्दाम जाऊन पोचली, तेव्हा कुठे आकडा खाली आला. आपल्याकडे ती जागा कोप्यांची आहे.

हा विषाणू विष्ठेतून, पाण्यातून तोंडावाटे पोटात जातो. कोप्यांवर संडास नाही, पाणी ओढ्याचं नाहीतर कुणाच्या तरी मोटारीचं. लागण झालेल्या साधारण 200 जणांत एकाचाच पाय किंवा हात कायमचा लुळा पडतो. बाकीच्यांना बहुधा काही जाणवतही नाही, पण तेही विषाणू पसरवतात. पाकिस्तान-अफगाणिस्तानात तो अजून आहे. शिवाय जिथे बरीच मुलं लशीविना राहतात, तिथे थेंबांमधला दुबळा विषाणूही माणसामाणसांत फिरत राहून बदलतो आणि अपंगत्व आणू शकतो. 2022 मध्ये न्यूयॉर्कजवळ लस न घेतलेला एक तरुण असाच लुळा झाला. अमेरिकेत होतं, तर कोपीवर का नाही होणार?

आता मागणं काय ते सांगतो. रोख वर्गणी नको. लस सरकारी आहे, फुकट आहे. हवी आहेत ती माणसं आणि वाहनं. बूथ उठल्यावर, दिवेलागणीला टोळ्या कोप्यांवर परततात तेव्हा पथकाला तिथे न्यायचं आहे. त्यासाठी तीन संध्याकाळी जीप किंवा ट्रॅक्टर-ट्रॉली, डिझेलसकट, कोण देईल? चार्जिंगच्या बॅटऱ्या हव्यात, कारण अंधारात लशीच्या कुपीवरचं लेबल वाचता येत नाही. त्या लेबलावर गोलात एक पांढरट चौकोन असतो. तो गोलाइतका गडद झाला की लस बिघडली समजून कुपी टाकून द्यायची, म्हणून उजेड लागतोच. पथकाच्या रात्रीच्या जेवणाची सोय महिला बचत गटांनी पाहावी.

ज्यांचा ऊस तुटतोय त्या शेतकऱ्यांना वेगळी विनंती. पथक थेट फडावर आलं तर अर्धा तास कोयते थांबू द्या. अर्ध्या तासानं कारखान्याचं काही बिघडत नाही. मुकादम आणि तोडीच्या चिठ्ठ्या देणारे कारखान्याचे चिटबॉय यांनी कोणती टोळी कुठल्या शिवारात आहे, त्यात लहान मुलं किती, एवढं शुक्रवारपर्यंत कळवलं तर आमची निम्मी धावपळ वाचेल. बंजारा तांड्यांवरून आलेल्या टोळ्यांसाठी त्यांची गोरमाटी बोली बोलणारं कुणी बरोबर आलं तर फारच बरं. समजावून सांगणारा आपल्या बोलीतला असला की आया ऐकतात.

कुणी विचारलंच तर सांगा : मागच्या वेळी थेंब घेतले असले तरी या वेळी घ्यायचे. सर्दी किंवा जुलाब असले तरी चालतात. आधार कार्ड लागत नाही, गावचा पत्ता लागत नाही. लसीकरणाचं कार्ड गावाकडे राहिलं असलं तरी मूल परत पाठवायचं नाही. मात्र रविवारचे थेंब म्हणजे सगळं लसीकरण नव्हे. सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला आणि नवव्या महिन्यात पोलिओचं इंजेक्शनही असतं. ते राहिलेली मुलं दिसली तर नाव लिहून घ्या, उपकेंद्रातल्या नर्सताई पुढचं बघतील.

नावं ग्रामपंचायत कार्यालयात किंवा आशाताईंकडे द्यावीत. गाडी देणाऱ्यांनी कोणती संध्याकाळ जमेल तेही सांगावं. एकाच दिवशी चार ट्रॅक्टर आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही, असं होऊ नये.

आपली,
ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती