हँड-फूट-माउथच्या दिवसांतले आभार

हँड-फूट-माउथ हा लहान मुलांचा विषाणूजन्य आजार: हातापायांवर फोड, तोंडात जखमा आणि ‘नको नको’ म्हणत रडणारं लेकरू. अशा घरांना आधार देणाऱ्या सगळ्यांचे आभार.

पहिला मान औषधाच्या दुकानातल्या ताईंचा. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं मिळतं, तसंच २५० चंही. दहा किलोच्या बाळाला एका वेळी १५० मिलिग्रॅम, म्हणजे पहिल्यातलं ६ मिली, दुसऱ्यातलं ३. बाटली बदलते, लक्षात ‘नेहमीचं ६’ राहतं आणि डोस दुप्पट होतो! ताई प्रत्येक बाटलीवर पेनाने मिली लिहून देतात, सोबत मोजायची सिरिंजही. दोन डोसांत सहा तास. भरवण्याआधी अर्धा तास दिलं की गिळताना कमी दुखतं.

अँटिबायोटिक न लिहिणाऱ्या डॉक्टरांचे खास आभार. विषाणूवर ते चालत नाही, पण पालकांचा आग्रह मोडणं सोपं नसतं. ‘जेवणाचं सोडा, लघवीवर लक्ष ठेवा’ हे त्यांनीच बजावलं. आठ तास लघवी नाही किंवा झोपेत सारखं दचकणं, की लगेच दवाखाना.

शेजारच्या आजींची गार नाचणीची पेज आणि गोडसर दहीभात. लिंबू सरबत झोंबतं, ते त्यांनी येऊच दिलं नाही.

आणि पाळणाघरातल्या मावशी: सॅनिटायझर या विषाणूवर फारसा चालत नाही, लंगोट बदलल्यावर साबण-पाणीच हवं, फोड सुकल्यावरही कित्येक आठवडे, कारण बाळाच्या शीमधून विषाणू जातच राहतो. महिन्याभराने नखं सुटली तर घाबरू नका, नवी येतात, हेही त्यांनीच आधी सांगून ठेवलं.