कांग यात्से-२ मोहिमेचे तीन दिवस परस्पर कापल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, मोहीम विभाग

विषय: पैसे भरल्यानंतर बदललेला कार्यक्रम आणि बुटांना न बसणारे भाड्याचे क्रॅम्पॉन (बर्फावर चालताना बुटाखाली लावायचे धातूचे दात)

महोदय,

लडाखमधल्या कांग यात्से-२ शिखराच्या (सुमारे ६,२५० मीटर) जुलैतल्या मोहिमेसाठी आम्ही आठ जणांनी निम्मी रक्कम भरली ती अकरा दिवसांचा कार्यक्रम पाहून. परवा आपण पाठवलेला 'सुधारित' कार्यक्रम आठ दिवसांचा आहे. पैसे तेवढेच. दिवस कमी झाले एवढीच तक्रार असती तर फोनवर मिटली असती. पण नको तेच दिवस कापले गेले आहेत.

मूळ आखणीत लेहला दोन रात्री काढून स्कियूहून मार्खा खोऱ्यात शिरायचे होते. मुक्काम, अंदाजे मीटरमध्ये: लेह ३,५००, स्कियू ३,४००, मार्खा ३,८००, थाचुंगत्से ४,२५०, निमालिंग ४,७५०, बेस कॅम्प ५,१००, आणि तिथे सरावासाठी आणखी एक रात्र. शरीर विरळ हवेला सरावावे म्हणून तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हे पथ्य त्यात पाळलेले होते. नव्या आखणीत लेहनंतर चोगदोच्या बाजूने थेट चुकिरमो (४,१००), दुसऱ्या दिवशी कोंगमारू ला ही खिंड (सुमारे ५,२००) ओलांडून निमालिंग, तिसऱ्या दिवशी बेस कॅम्प आणि त्याच रात्री शिखराकडे कूच. म्हणजे तीन रात्रींत १,६०० मीटर, विश्रांतीचा दिवस शून्य.

यात आणखी एक मेख आहे. निमालिंगला रात्री कुणाचे डोके फुटायला लागले, उलट्या सुरू झाल्या, तोल जाऊ लागला, तर उपाय एकच: खाली उतरणे. पण आपण आणलेल्या वाटेने परतायचे तर आधी साडेचारशे मीटर चढून खिंड ओलांडावी लागते. उतार आहे तो मार्खा खोऱ्याकडे, आणि त्या बाजूला आपल्या नव्या कार्यक्रमात ना घोडा ठेवला आहे ना गाडी. सोबत ऑक्सिजन म्हणून दहा लिटरचा फवाऱ्याचा एक कॅन लिहिला आहे. मिनिटाला दोन लिटर धरले तरी तो पाच मिनिटांत संपतो. आजाऱ्याला तंबूबाहेर आणायलाच तेवढा वेळ लागेल.

शिखराच्या दिवशी निघण्याची वेळ पहाटे चार लिहिली आहे. बेस कॅम्पपासून चढाई साधारण १,१५० मीटर. तासाला १५० मीटरचा वेग धरला तर माथ्यावर पोचायला पावणेबारा. जुलैच्या उन्हात नऊनंतर बर्फ भुसभुशीत होतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि उतरताना घसरण्याचा धोका वाढतो. निघायला हवे ते रात्री बारा-एकच्या सुमारास, आणि परत फिरण्याची वेळ आधी ठरलेली हवी. राखीव दिवसही काढून टाकला आहे. एक रात्र हवा बिघडली की आठही जण शिखर न चढता परत. मार्गदर्शक तिनांवरून एकावर आणला आहे. अर्ध्या वाटेवरून एकाला खाली न्यावे लागले तर उरलेल्या सातांनी कुणाच्या भरवशावर चढायचे?

आता साहित्य. रविवारी आपल्या गोदामात भाड्याचे बूट घालून क्रॅम्पॉन लावून पाहिले. क्रॅम्पॉन पुढे पट्टा आणि मागे खटका अशा जातीचे आहेत. खटका अडकायला बुटाच्या टाचेला खाच लागते. आपल्या बुटांची टाच गुळगुळीत, मऊ रबराची. खटका दाबला की 'टक' आवाज होतो खरा, पण दोन पायऱ्या उतरताच तो वर सरकून निसटतो. आठपैकी सहा जोड्यांचे हेच झाले. गोदामातल्या मुलाने सुतळीने बांधून द्यायची तयारी दाखवली (त्याचा हेतू चांगलाच होता). दोन जोड्यांना तळाच्या रबरी अँटी-बॉलिंग प्लेट नाहीत. त्या नसल्या की ओला बर्फ दातांमध्ये गोळा होऊन चिकटतो, दात जमिनीला लागतच नाहीत आणि माणूस बर्फाच्या गोळ्यावर उभा राहतो. या बुटांना पुढे-मागे दोन्हीकडे पट्ट्यांचे क्रॅम्पॉन चालतील, नाहीतर टाचेला खाच असलेले बूट द्या.

२०२० मध्ये लडाखमधलेच स्टोक कांगरी हे शिखर गिर्यारोहणासाठी बंद झाल्यावर कांग यात्से-२ ला 'सोपे सहाहजारी' म्हणून विकले जाते, हे आम्ही पाहतो आहोत. तांत्रिक चढाई थोडी असेल, हवा मात्र तितकीच विरळ आहे.

आमच्या मागण्या: मूळ अकरा दिवसांचा, स्कियूमार्गे, राखीव दिवसासह कार्यक्रम लेखी द्यावा; तीन मार्गदर्शक, रेग्युलेटर-मास्कसह भरलेला ऑक्सिजन सिलिंडर आणि निमालिंगला एक घोडा राखून ठेवावा; निघण्याच्या पंधरा दिवस आधी बूट-क्रॅम्पॉन पुन्हा बसवून दाखवावेत. हे जमत नसेल तर कोणतीही कपात न करता आगाऊ रक्कम परत करावी. सात दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

दोन्ही कार्यक्रमांच्या प्रती, पैसे भरल्याची पावती आणि निसटलेल्या खटक्यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

कळावे,
आठ सदस्य, पुणे